दातांची राखण

दातांवरच्या तारा निघण्याचा दिवस घरात लहानशा सणासारखा येतो. ज्या मुलाने दोन वर्षे ओठ मिटून छायाचित्रे काढून घेतली, ऊस आणि कडक पेरू यांना लांबूनच नमस्कार केला, चिक्कीच्या बरणीकडे पाठ फिरवली, ते मूल त्या दिवशी आरशासमोरून हलावयास तयार नसते. झालेल्या खर्चाचा आणि दवाखान्याच्या खेपांचा वडीलमाणसांना विसर पडतो. हे कौतुक योग्यच आहे. परंतु त्याच मुलाच्या आयुष्यात पुढे आणखी एक दिवस यावयाचा असतो आणि त्याची नोंद बहुधा कोणीच ठेवीत नाही. तारा निघाल्यावर दात जागच्या जागी राहावेत म्हणून जे साधन दिलेले असते, ज्याला दंतवैद्य रिटेनर म्हणतात, ते सुटण्याचा तो दिवस. कधी हे साधन वैद्याच्या सल्ल्याने ठरल्या वेळी काढले जाते. कधी दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार कडक भाकरीचा तुकडा चावताना निखळते. पुष्कळदा तर डबीतला रिटेनर परीक्षेच्या धांदलीत किंवा वसतिगृहात राहावयास जाताना मागे राहतो आणि ‘उद्यापासून घालू’ या वायद्यावर महिने निघून जातात. पहिल्या दिवशी एका पहारेकऱ्याच्या जागी दुसरा आलेला असतो. या दुसऱ्या दिवशी मात्र पहाराच उठतो.

हा विषय आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. एके काळी दात सरळ करून घेण्याची सोय देशातल्या काही मोठ्या शहरांतच होती. या शाखेच्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ मध्ये स्थापन झाली. आज जिल्ह्याच्या गावीही असा तज्ज्ञ भेटू शकतो. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की दिल्ली असो, ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी तारा लावलेले एखादे मूल असेलच. त्या प्रत्येकाला पुढे मागे या दुसऱ्या दिवसाला सामोरे जावयाचे आहे. त्या दिवशी नेमके काय होते, पुढे काय होऊ शकते आणि तो निर्णय कोणी व कसा घ्यावा, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

प्रथम दात हलतो कसा, ते पाहिले पाहिजे. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची फट असते आणि त्या फटीत तंतूंचे दाट जाळे असते. दात या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो, म्हणूनच चावण्याचा भार तो सहज सोसतो. अशा दातावर हलका परंतु सतत दाब ठेवला की एका बाजूचे तंतू चेपले जातात आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. चेपलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामास लागतात आणि ताणलेल्या बाजूला हाड रचणाऱ्या पेशी. स्वीडनचे कार्ल सँडस्टेट यांनी १९०४-०५ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे फेरबदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व मांडले. दात ओढून घेतला असे आपण म्हणतो खरे, परंतु त्याचे घर एका बाजूने पाडीत आणि दुसऱ्या बाजूने बांधीत नेलेले असते. या कामाचा वेग महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. उपचाराला दीड-दोन वर्षे का लागतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

दात हलवता येतो, हे ज्ञान मात्र फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने असे सुचवले होते की, दुधाचा दात पडण्यापूर्वीच नवा दात वाकडा उगवला, तर जुना काढून टाकावा आणि नव्याला रोज बोटाने रेटून जागेवर आणावे. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घोड्याच्या नालासारख्या आकाराच्या एका धातूच्या पट्टीचे वर्णन केले. तिला छिद्रे असत आणि वाकडे दात धाग्याने तिला बांधीत. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचे आणि जबड्यांच्या विसंगत मिळणीचे वर्गीकरण केले आणि १९२८ मध्ये तारा बसवण्याची अशी रचना दिली की, आजच्या बहुतेक तारांचे कूळ तिच्यापाशी पोहोचते. बोटापासून तारेपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. परंतु हलवलेला दात थांबवावयाचा कसा, या प्रश्नावर या साऱ्या बुद्धिमंतांना सहजासहजी मात करता आली नाही.

याचे कारण तारा निघतात त्या दिवसाच्या स्थितीत आहे. त्या दिवशी आरशात दात सरळ दिसतात, परंतु बांधकाम अजून ओले असते. मुळाभोवतीच्या तंतूंची घडी नव्याने बसण्यास तीन-चार महिने लागतात. हिरडीतील तंतूंना त्याहून अधिक वेळ लागतो, आणि हिरडीच्या वरच्या कडेजवळ जे लवचीक तंतू असतात ते तर वर्ष उलटले तरी ताणलेले राहू शकतात. नॉर्वेचे कोरे रायटन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात प्राण्यांचे दात फिरवून जागेवर धरून ठेवले होते. २३२ दिवसांनंतरही हे वरचे तंतू ओढलेल्या स्थितीतच आढळले. आपल्या अक्षाभोवती फिरलेला दात सरळ केला, तर तो पुन्हा फिरण्याची भीती सर्वांत अधिक का असते, ते यावरून कळते. १९७० मध्ये एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन तज्ज्ञांनी हे तंतूच दाताभोवती बारीक छेद देऊन मोकळे करण्याची युक्ती सांगितली, आणि निवडक रुग्णांत ती आजही वापरली जाते. तंतूंच्या जोडीला आणखी एक शक्ती असते. आतून जीभ आणि बाहेरून ओठ व गाल दातांवर दिवसरात्र हलका दाब देत असतात. दात उभे राहतात ते या दोन दाबांच्या तहावर. नवीन जागा त्या तहात बसत नसेल, तर तो मोडण्यास वेळ लागत नाही.

तेव्हा ओल्या बांधकामाला टेकू हवाच. अमेरिकेच्या चार्ल्स हॉली यांनी १९१९ मध्ये काढघाल करता येणाऱ्या एका रिटेनरचे वर्णन केले. टाळूला चिकटून बसणारी पातळ तबकडी आणि पुढच्या दातांवरून आडवी जाणारी तार, अशी त्याची रचना. एक शतक उलटले तरी तो त्याच नावाने चालू आहे. तयार झालेले रुग्ण पुढे सांभाळण्याची जबाबदारी कोणी पत्करील तर त्याला आपले अर्धे मानधन आनंदाने देऊ, अशा अर्थाचे उद्गार याच हॉलींच्या नावावर सांगितले जातात. दुसरा प्रकार पारदर्शक साच्याचा. प्लॅस्टिकचे पातळ पान तापवून दातांच्या नमुन्यावर ओढून तो बनवतात. तोंडात असला तरी पाहणाऱ्याला दिसत नाही. तिसरा प्रकार पक्क्या तारेचा. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर सौम्य प्रमाणात आम्लाची क्रिया केली असता त्यावर रेझिन घट्ट बसते, असे दाखवून दिले. त्याच वाटेने पुढे १९७० च्या दशकात खालच्या पुढच्या दातांच्या मागे, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, बारीक तार चिकटवण्याची पद्धत आली. आरशात ती दिसत नाही आणि तोंडात ती आहे हे काही दिवसांनी जिभेलाही आठवत नाही.

आता हे साधन काढण्याची प्रत्यक्ष क्रिया. काढघाल करावयाचा रिटेनर असेल, तर तेथे क्रिया अशी काहीच नसते. एका रात्री तो घातला जात नाही, इतकेच. पक्की तार काढताना मात्र दवाखान्यात जावे लागते, आणि पुष्कळांना त्याची विनाकारण धास्ती वाटते. वैद्य वेगाने फिरणाऱ्या बारीक पात्याने तारेवरचा रेझिनचा ठिपका एकेका दातावरून उतरवतो, तार मोकळी करतो आणि मग दाताला चिकटून राहिलेला पातळ थर हळूहळू काढतो. येथे घाई उपयोगाची नाही. एनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करीत नाही. शेवटी रबरी कपाने दात घासून गुळगुळीत करतात. दाताला सुन्न करण्याची सुई बहुधा लागत नाही. तारेखाली साचलेले किटण मात्र बहुतेकांत निघते. जिभेखालच्या लाळेच्या नळ्या खालच्या पटाशीच्या दातांमागेच उघडतात, आणि लाळेतील क्षार तेथे सर्वांत आधी जमतात. ते निघाल्यावर दातांमधल्या फटी मोकळ्या लागतात, जीभ त्या नव्या गुळगुळीत जागी पुन्हा पुन्हा जाते, आणि कित्येकांना दात एकदम मोठे झाल्याचा भास होतो. चार-दोन दिवसांत जीभही ते विसरते. खरी हालचाल सुरू होते ती यानंतर, आणि ती इतकी हळू असते की, ती चालू असताना कोणाला दिसत नाही.

कुत्र्याचे शेपूट बारा वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी आपल्याकडे म्हण आहे. रिटेनर सुटल्यावर दोन-तीन वर्षांनी खालचा एखादा दात शेजाऱ्याच्या आड शिरू लागला की घरात ही म्हण निघतेच. दातांच्या तज्ज्ञांनीही बराच काळ थोड्याफार फरकाने असाच विचार केला. दात परत फिरले याचा अर्थ उपचारात कोठेतरी चूक राहिली, असे ते मानीत आणि ती चूक शोधीत. सर्व दात राखून त्यांची परस्परांशी मिळणी निर्दोष केली, तर ते आपोआप स्थिर राहतील, अशी अँगल यांची श्रद्धा होती. १९११ मध्ये कॅल्व्हिन केस यांनी तिला उघड आव्हान दिले. जबडा लहान असेल तेथे काही दात काढून जागा करावी, असे त्यांचे मत होते. त्या वादाने या शास्त्रात दोन तट पडले. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आपल्या ज्या रुग्णांचे दात परत फिरले होते, त्यांच्यावर चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि गुरूच्या मताविरुद्ध उभे राहिले. मते परस्परविरोधी होती, परंतु एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचा विश्वास होता. दातांची एक अखेरची, योग्य जागा असते. ती सापडली की पहारा उठवण्यास हरकत नाही.

या विश्वासाची कसोटी पाहण्याचे चिकाटीचे काम अमेरिकेतील सिएटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात झाले. तेथील तज्ज्ञांनी उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांना वर्षानुवर्षांनी पुन्हा बोलावून त्यांच्या दातांचे नमुने घेतले. उपचारापूर्वीचा, उपचार संपतानाचा आणि रिटेनर काढून दीर्घ काळ लोटल्यानंतरचा, असे एकाच व्यक्तीचे साचे शेजारी शेजारी ठेवून मापे घेतली. १९८१ मध्ये रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ६५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या सर्वांच्या उपदाढा काढून जागा केलेली होती. रिटेनर निघून दहा वर्षे झाल्यावर खालचे पुढचे दात समाधानकारक रांगेत राहिलेले रुग्ण शेकडा तीसपेक्षाही कमी निघाले. १९८८ मध्ये त्यांच्यापैकी काहींची वीस वर्षांनंतरची स्थिती पुढे आली. तपासलेल्या ३१ रुग्णांत समाधानकारक रांग राहिली होती ती केवळ शेकडा दहांची. कोणाचे दात टिकतील आणि कोणाचे फिरतील, हे मूळच्या वाकडेपणावरून, वयावरून किंवा उपचाराच्या कोणत्याही मापावरून खात्रीने सांगता येईना. ज्या कामावर आपली प्रतिष्ठा उभी आहे तेच काम वीस वर्षांनी पुन्हा तपासावयाचे आणि निघालेला निष्कर्ष जसाच्या तसा छापावयाचा, यातील प्रामाणिकपणाची दखल घेतली पाहिजे.

याच संशोधकांच्या आणखी एका तपासणीने सगळ्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. ज्यांच्या दातांना कधी तार लागलीच नाही, ज्यांचे दात उपजतच नीट होते, अशा ६५ जणांचे बालपणापासून विशीपर्यंतचे साचे सिंक्लेअर आणि लिटल यांनी १९८३ मध्ये अभ्यासले. त्यांच्याही खालच्या दातांची कमान वयाबरोबर थोडी आखूड होत होती आणि पुढच्या दातांत थोडी गर्दी होत होती. म्हणजे दात सरकणे ही उपचाराची शिक्षा नव्हे. केस पांढरे होतात, दृष्टी जवळचे अक्षर टाकू लागते, तसाच हा वयाचा एक व्यवहार आहे, आणि तो विशीतच सुरू झालेला असतो. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढे गर्दी होते, असा जो सार्वत्रिक समज आहे, त्यालाही अभ्यासांतून भक्कम आधार मिळालेला नाही. ज्यांना अक्कलदाढा आलेल्याच नाहीत, त्यांचेही दात असेच दाटतात. म्हणीतील शेपूट आपल्या जुन्या वळणावर जाते. दातांचे पुष्कळदा तसे नसते. पहिल्या वर्षात ते जुन्या जागेकडे ओढ घेतात हे खरे. परंतु पुढे दहा-वीस वर्षांत जो वाकडेपणा येतो तो जुनाच असतो असे नाही. जबडा बदलतो, ओठ-जिभेचा तह बदलतो, आणि दात त्या नव्या परिस्थितीत आपली सोय पाहतात.

मग उपचार व्यर्थ गेला काय? तसे मुळीच नाही. पुढे आलेले वरचे दात मागे घेतले असतील, तर पडल्यावर ते तुटण्याचा धोका कमी झालेला असतो. चावताना दात हिरडीला इजा करीत असतील, तर ती इजा थांबलेली असते. वाढत्या वयात संकोचाने तोंडावर हात न धरता हसता आले, हाही लाभ थोडा नव्हे. शिवाय नंतर आलेला वाकडेपणा बहुधा खालच्या पुढच्या दातांपुरता आणि मूळच्यापेक्षा कमी असतो. व्यर्थ ठरते ती एवढीच कल्पना की, सरळ दात ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची वस्तू आहे. धरण बांधून झाले म्हणून त्याच्या दारांची तपासणी बंद होत नाही. दातांची रांगही अशीच, तिची राखण चालू असेपर्यंतच टिकणारी असते.

म्हणूनच तज्ज्ञांचा सल्ला गेल्या काही दशकांत बदलला. पूर्वी वर्ष-दोन वर्षे रिटेनर वापरून तो बंद करावयास सांगत. आज पुष्कळ तज्ज्ञ सांगतात की, दात जितकी वर्षे रांगेत राहावेत असे वाटते, तितकी वर्षे रात्रीचा रिटेनर चालू ठेवावा. तथापि ‘जन्मभर’ हा शब्द उच्चारण्यास सोपा आणि पाळण्यास अवघड आहे. साचे झिजतात, तडकतात, नवे करावे लागतात आणि त्याला खर्च येतो. पक्की तार घालावयाची आठवण ठेवावी लागत नाही हे खरे. परंतु तिच्या भोवतीची स्वच्छता रोज करावी लागते, आणि ती न केल्यास किटण साचून हिरड्या सुजतात. एखादा ठिपका नकळत सुटला, तर सुटलेला दात एकटाच सरकतो. क्वचित असेही आढळले आहे की, तार पूर्णपणे चिकटलेली असूनही तिच्यात राहिलेल्या ताणामुळे दातच वेडेवाकडे कलतात. राखणदारानेच कुंपण ओलांडावे, तसा हा प्रकार. हिरडीचा विकार, तारेखालची कीड, किंवा डोक्याच्या एमआरआय तपासणीत धातूमुळे चित्र बिघडणे, अशा कारणांनी तार काढणे भागही पडते. कोणता रिटेनर सर्वांत चांगला, याचा पुराव्यांवरून निकाल लावण्याचा प्रयत्न कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने केला. २०२३ च्या सुधारित आढाव्यातही कोणा एकाच्या पारड्यात माप टाकता आले नाही. तेव्हा तार काढणे हे पाप नव्हे, आणि ती ठेवणे हा काही नियमही नव्हे. तो एक निर्णय आहे.

आणि या निर्णयाचा धनी कोण, हा खरा प्रश्न आहे. तारा बसतात त्या वेळी मूल बारा-तेरा वर्षांचे असते. निर्णय आईवडिलांचा, खर्च आईवडिलांचा, तारखा लक्षात ठेवणे त्यांचेच. रिटेनर सुटतो त्या वेळी तेच मूल वीस-बावीस वर्षांचे झालेले असते आणि बहुधा परगावी असते. शिक्षणासाठी पुण्यास, नोकरीसाठी बंगळूरला, लग्न होऊन भोपाळला गेलेल्या मुलीच्या दातांमागची तार ज्याने बसवली तो वैद्य मूळ गावीच राहतो. नव्या गावच्या वैद्यापुढे तिच्या जुन्या साच्यांची, छायाचित्रांची किंवा मापांची काहीच नोंद नसते. तार तुटली तर ती नव्याने बसवावी की उरलेली काढून टाकावी, याचा सल्ला तो देणार तरी कशाच्या आधारावर? आईवडिलांनी पैसा आणि काळजी खर्चून जे मिळवून दिले, त्याची राखण आता आपल्याकडे आली आहे, हे त्या मुलीला कोणी कधी समजावून सांगितलेलेच नसते. दात वाकडे होतात तेव्हा आई म्हणते, ‘तू निष्काळजीपणा केलास’. मुलगी म्हणते, ‘मला कोणी सांगितले होते?’ पुष्कळ वेळा दोघींचेही बरोबर असते.

हे टाळावयाचे, तर काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. उपचार संपताना दातांचा साचा किंवा संगणकावरील त्रिमित नोंद यांची एक प्रत रुग्णाने स्वतःजवळ मागून घ्यावी आणि शाळेच्या दाखल्यासारखी ती जपावी. पक्की तार काढून घ्यावयाची ठरली, तर रात्रीचा साचा आधी तयार करून घ्यावा व मगच तार काढावी. दोहोंमध्ये आठवड्यांचे अंतर पडू देऊ नये. काढघालीचा रिटेनर बंद करावयाचा असेल, तर तो एकदम न सोडता एकाआड एक रात्र, मग आठवड्यातून दोनदा, असा वैद्याच्या सल्ल्याने कमी करावा. मध्यंतरी खंड पडून पुन्हा घालताना तो आवळला, तर दात सरकू लागल्याची ती सूचना समजावी. आणि तो बसतच नसेल, तर जोर करून बसवू नये, वैद्याकडे जावे. साचा गरम पाण्याने धुऊ नये, त्याचा आकार बिघडतो. जेवताना तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवण्याची सवय सर्वांत घातक. अशा पुड्या उष्ट्याबरोबर केराच्या टोपलीत जातात. त्याची डबी असते ती याचसाठी.

इतके करूनही एखाद्याने विचारपूर्वक ठरवले की आता हे पुरे, खालचा एखादा दात थोडा तिरका झाला तरी चालेल, तर त्यातही गैर काही नाही. किंचित तिरका दात हा रोग नव्हे. रोज नीट घासला जात असेल आणि चावताना खुपत नसेल, तर त्याच्यासह माणूस सुखाने म्हातारा होतो. कोणत्या वयात दिसण्याला किती महत्त्व द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. मात्र ते ठरवून घडावे, विसरून घडू नये. विसरून गेलेल्या माणसाला पाच वर्षांनी हळहळ वाटते आणि पुन्हा पहिल्यापासून तारा बसवण्याची वेळ येते. ठरवून थांबलेल्या माणसाला काय होणार हे आधीच ठाऊक असते.

ज्या घरात सध्या कोणाच्या तारा निघावयाच्या आहेत, त्या घराने पेढे अवश्य वाटावेत. त्याच संध्याकाळी मुलाला जवळ बसवून एवढेच सांगावे की, दात सरळ करण्याचे काम आजवर इतरांनी केले. ते तसे ठेवावयाचे की नाही आणि किती वर्षे, हे आता हळूहळू तुझ्या हाती येणार आहे. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला हे समजते. पुढे कधी तो रिटेनर काढून ठेवील, तेव्हा आपण काय करीत आहोत हे त्याला माहीत असेल.